पाहुण्यांच्या डोक्यातलं ग्वाल्हेर

पाहुणे फिरवायला लागलास, छान. पण स्टेशनवरून शहराच्या लष्कर भागात येईस्तोवर पाठ केलेली माहिती ओतू नकोस. आधी विचार, "ग्वाल्हेर म्हटलं की काय डोळ्यांपुढे येतं?" पुण्या-मुंबईचे बहुतेक जण सांगतात: शिंदे, त्यांचा जयविलास राजवाडा, तिथल्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी. ती दाखवच, नाहीतर रुसतील. पण फोटोत इतकी पाहिलेली असते की दोन मिनिटांत उरकते.

वेळ राखायचा तो किल्ल्यावर. मानमंदिर राजवाड्याच्या भिंतीवर निळ्या टाइल्समध्ये पिवळी बदकं आहेत, ती कुणाच्या ध्यानीमनी नसतात. म्हणून तिथे लोक आपणहून रेंगाळतात. चतुर्भुज मंदिर तर पिटुकलं. इ. स. 876 च्या शिलालेखात 270 आणि 50 मधली शून्यं शोधायला लाव. मास्तर मंडळी असली तर तासाभराची निश्चिंती! मात्र "जगातलं पहिलं शून्य" असा डांगोरा वाटेतच पिटू नकोस. मग ते बारीकसं वर्तुळ बघून "एवढंच?" ऐकावं लागतं. मे महिन्यातलं ऊन मात्र बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांग, तिथे गोडगोड बोलणं महागात पडतं.

निघताना तोच पहिला प्रश्न पुन्हा विचार आणि दोन्ही उत्तरं वहीत शेजारीशेजारी लिही.