आई-बाबांशी तुटलेलं बोलणं

ध्यानाला बसायला लागलास, छान. पण आई-बाबांशी बोलणं तुटलंय म्हणून त्यांना लगेच ध्यानाला शेजारी बसवू नकोस. 1975 नंतर व्हिएतनाम सोडून अमेरिकेत आलेल्या अनेक कुटुंबांत आई-बाबा आणि मुलांमध्ये असाच दुरावा होता. व्हिएतनामी बौद्ध भिक्षू थिच न्हात हान्ह यांच्या परंपरेत त्यासाठी ‘नव्याने सुरुवात’ हा सराव आहे, तो शीक. मध्ये फुलदाणी ठेवतात. ज्याच्यापुढे फुलं, तोच बोलतो. बाकीचे फक्त ऐकतात. आधी मनापासून कौतुक, मग स्वतःच्या चुका, आपण दुखावलो ते त्यानंतर. क्रम मोडू नकोस. पहिल्या वेळी तर कौतुकावरच थांब, आणि ते नेमकं असू दे: ‘बाबा, दोन-दोन शिफ्ट करून तुम्ही माझी फी भरलीत.’ परक्या देशात आलेल्या आई-बाबांचा मान, भाषा, गोतावळा सगळंच सुटलेलं असतं. रागाखाली बरेचदा तेच दुःख असतं. घसा दाटला तर थांब, तीन श्वास घे. ते गप्प राहिले तर उत्तर मागू नकोस.