‘लक्ष लागत नाही’ म्हणता, मग ते असतं कुठे?

‘कशातच लक्ष लागत नाही’ हे वाक्य समुपदेशनासाठी येणाऱ्या कुणाकडून ऐकलं नाही असा आठवडा माझ्याकडे जात नाही. विद्यार्थी म्हणतात, नोकरदार म्हणतात, निवृत्त झालेलेही म्हणतात. वाक्य सगळ्यांचं तेच, पण त्याच्या पोटात निघतं ते वेगवेगळं. कुणाला दर दहा मिनिटांनी कुणीतरी हाक मारतं, तो सरळसरळ व्यत्यय. कुणाला कामाचाच कंटाळा आलेला असतो. कुणी कामाची धास्ती घेऊन कपाट आवरायला बसतं आणि त्या टाळाटाळीला ‘मन विचलित होतंय’ म्हणतं. हल्ली मात्र या सगळ्यावर दोनच शिक्के मारले जातात : एक तर मोबाइल, नाही तर एडीएचडी, म्हणजे लहानपणापासून असणारा अवधान न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार.

तिशी ओलांडलेल्या एक बाई दुसरा शिक्का स्वतःवर मारूनच आल्या होत्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हिशेब तपासण्याचं काम. आकडे दोनदा-तीनदा वाचावे लागायचे, चुका व्हायच्या, साहेब बोलायचे. फोन ड्रॉवरमध्ये कुलूपबंद करून झाला होता, ध्यानाचा वर्ग लावून झाला होता. संध्याकाळी आवडीने शब्दकोडं सोडवायच्या, ‘तेही लक्ष विचलित करतं’ म्हणून तेही बंद.

“शाळेत असताना कशा होतात?” मी विचारलं.

“शाळेत? पुस्तक घेऊन बसले की जेवायची आठवण नसायची.”

“आणि हा त्रास कधीपासून?”

“वर्ष होईल आता.”

एडीएचडीच्या निदानासाठी काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, आणि तीही एकापेक्षा जास्त ठिकाणी, म्हणजे घरीही आणि शाळेतही. वर्षभरापूर्वी अचानक सुरू झालेलं प्रकरण त्यात बसत नाही. झोप, थायरॉइड आणि उदासीनता या गोष्टी डॉक्टरांकडून आधी तपासून घेतल्या. सगळं ठीक होतं.

मग त्या म्हणाल्या, “एकदा खुर्चीत बसले की तासभर मन हललंच नाही पाहिजे. एवढंही जमू नये?”

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ पद्धतीत वाढलेली; ‘असंच झालं पाहिजे’ हा हट्ट ती पद्धत आधी तपासते. असा ‘च’ ऐकला की माझे कान टवकारतात. त्यांना 2010 सालचा किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास सांगितला. लोकांना दिवसभरात अवचित फोनवर विचारलं होतं, ‘आत्ता मन कुठे आहे?’ जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. म्हणजे मन भटकणं ही सर्वांचीच रीत. भटकलं म्हणून स्वतःला धारेवर धरण्यात जो वेळ जातो, तो मात्र आपण आपल्या हाताने घालवतो.

त्यांना एक कागद दिला. मन कामावरून सुटलं की वेळ टिपायची आणि ते कुठे गेलं ते दोन-चार शब्दांत लिहायचं. आवरायचं नाही, ओढून आणायचं नाही, फक्त नोंद.

पुढच्या वेळी त्या चार घड्या घातलेला कागद घेऊन आल्या. ‘10.20 फोन वाजला. 10.50 दादाला काय सांगू. 11.15 शेजारचीने पेन मागितलं. 12.05 दादाचा मेसेज आला असेल का. 3.10 दादा. 3.40 दादा.’ खाली खाली तर नुसतं ‘दा’.

“हे दादाचं काय?”

“ते काही नाही हो. आईवडिलांच्या घराचे कागद आहेत, दादाला माझी सही हवीय. मी त्याचा विचारच करत नाही.”

कागद मी त्यांच्यासमोर सरकवला. त्या वाचत गेल्या आणि एकदम चिडून म्हणाल्या, “म्हणजे मी वर्षभर हेच करतेय?”

“लक्ष लागत नाही असं कसं म्हणायचं? ते पक्कं लागलेलं आहे. तुम्हाला हवं तिथे नाही, एवढंच.”

हे वाक्य मी आधी ठरवून ठेवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. पण तेव्हापासून ‘मग लक्ष असतं कुठे?’ हा प्रश्न माझ्याकडे पहिल्याच भेटीत विचारला जातो. पतंजलींनी चित्ताचे नऊ विक्षेप, म्हणजे मन विचलित करणारे अडथळे, सांगितले, त्यांत पहिला व्याधी आणि तिसरा संशय. आळस पाचवा. आपण सुरुवातच पाचव्यापासून करतो आणि माणसाला आळशी ठरवून मोकळे होतो. या बाईंचा अडसर तिसऱ्यातला होता. सही करावी की नाही हे ठरत नव्हतं, नाही म्हणायची भीती होती, आणि न ठरलेली गोष्ट दिवसभर दार वाजवत होती.

इथे अनेकांना वाटतं, आधी घराचा प्रश्न सुटायला हवा. तशी गरज नसते. मासिकांपो आणि बॉमाइस्टर यांच्या 2011 सालच्या प्रयोगांत असं दिसलं, की अपुरं काम मनात लुडबुड करतं, पण ते केव्हा आणि कसं करायचं याची नेमकी आखणी केली की काम पुरं न होताही लुडबुड थांबते. म्हणून निर्णय बाजूला ठेवून आम्ही फक्त पुढचं पाऊल लिहिलं : ‘रविवारी सकाळी दादाला फोन. सांगायचं, कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही, महिना लागेल.’ फोन कसा करायचा याची माझ्यासमोर रंगीत तालीमही झाली. दादा झालेली मी त्यांच्यापेक्षा जास्त चढ्या आवाजात बोलले.

दादा रागावला. तरीही त्यानंतरच्या कागदावर ‘दा’ तुरळक उरले. बाकीचं किरकोळ होतं : पेन मागणाऱ्या मैत्रिणीला वेळ ठरवून दिली, फोन ड्रॉवरमधून बाहेर आला. शब्दकोडं मात्र मी आग्रहाने परत सुरू करायला लावलं. विरंगुळा माणूस आपणहून घेतो आणि ताजातवाना होऊन परततो. त्याला विक्षेपाच्या रांगेत उभं करणं हा अन्याय आहे.

तुम्हीही आठवडाभर असा कागद ठेवून बघा. एकच माणूस, एकच काम, एकच भीती पुन्हा पुन्हा आली, तर तिथे काय ठरवायचं राहिलंय ते पाहा. नोंदी दरवेळी कामाचा अवघड भाग सुरू होतानाच पडत असतील, तर ती टाळाटाळ आहे, कामाचे तुकडे लहान करा. आणि काहीच धागा सापडत नसेल, लहानपणापासून घरी-बाहेर हेच चालत आलं असेल, तर तोच कागद घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. पहिल्या भेटीत त्यांना त्याचा चांगला उपयोग होतो.