नव्या सोसायटीत मुलीबद्दल शेजाऱ्यांना आधीच सांगावं का?

तुम्ही विचारलंय की मुलगी 6 वर्षांची आहे, डाऊन सिंड्रोम आहे, पुढच्या महिन्यात ऐरोलीत राहायला जाताय, तर शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी का. नका देऊ. हळदीकुंकवाचं बोलावणं करत फिरल्यासारखं दारोदार जाऊन काय सांगणार? चेहरा बघून कळतंच. आणि सांगायला गेलात की समोरची बाई डोळ्याला पदर लावते, मग आपणच तिची समजूत काढत बसायचं. मी बसलेय. 1996 साली, ऐरोलीतच, सिडकोच्या बिल्डिंगमध्ये. माझी तेव्हा 2 वर्षांची होती.

तिचं नाव इथे लिहीत नाही. बिल्डिंगमध्ये तिला सगळे 'बाई' म्हणायचे, शाळेतल्या बाई. ठाण्याला विशेष शाळेत जायची. ठाणे-वाशी लोकल 2004 ला सुरू झाली, तोवर बसने, विटाव्याच्या रेल्वे पुलाखालचं पाणी तुडवत. शाळेतून तिने एकच गोष्ट पक्की उचलली. हजेरी. आकडे 16 पर्यंत यायचे आणि आमच्या बिल्डिंगमध्ये घरं बरोबर 16. संध्याकाळी साडेसहाला जिन्याच्या पहिल्या पायरीवर लांब वही घेऊन बसायची. घर नंबर एक? 'हजर' म्हणायचं, मग बरोबरची खूण, मग वर जायचं.

मेख अशी की ती नंबर ओळीनेच घ्यायची. एक आल्याशिवाय दोन नाही. तीन नंबरवाल्यांची लोकल चुकली की चौदा नंबरवाले पिशवी घेऊन खाली उभे. घाईत असलेले सटकायचे, नाही असं नाही. सेक्रेटरी तर हिशेब थकले की मागच्या भिंतीवरून यायचे. पण बरेचसे थांबायचे. आणि थांबलेली माणसं किती वेळ मोबाईल बघणार? तेव्हा त्यात बघण्यासारखं काही नव्हतंही. बोलायची.

त्या सुमारास गच्चीच्या गळतीवरून बिल्डिंग दुभंगली होती. वरच्या मजल्याला पत्रे हवे होते, तळमजला म्हणे आमच्याकडे कुठे गळतंय, आम्ही पैसे का द्यायचे. तीन आणि चौदा नंबरमध्ये वर्षभर बोलणं बंद. एकाच गाडीने यायचे, पण एक जण नाक्यावर पान खात थांबायचा, दुसरा वर गेला की मग निघायचा. बाईंच्या हजेरीत ते चालेना. पावसाळ्यात दोघं एका पायरीवर, मध्ये गळकी छत्री. पत्रे बाईंमुळे पडले असं मी म्हणणार नाही, पैसे शेवटी वरच्यांनीच जास्त भरले. पण त्या दिवाळीला चौदाकडून तीनकडे फराळाचं ताट गेलं, ते बाईंच्याच हातून. चकल्या निम्म्या वाटेतच संपल्या.

आता मोठ्या भावोजींचं सांगते. माझे दीर. ते म्हणायचे, "कशाला तिला जिन्यात बसवतेस? लोक हसतात." माझं म्हणणं, हसू देत, हसण्याजोगंच आहे ते. यावर आमच्यात 15 वर्षं वाद. त्यांच्या मुलीच्या लग्नाला 'तिला जरा आतल्या खोलीत बसवा' असा निरोप आला. आम्ही तिघंही गेलो नाही. यांना वाईट वाटलं, मला अजिबात नाही.

2019 च्या पावसाळ्यात ती गेली. 25 वर्षांची होती, न्यूमोनियाने गेली. दहाव्याला भावोजी आले. खाली खुर्च्या मांडल्या होत्या, सोळाच्या सोळा घरं होती, तळमजला, वरचा मजला, सगळे एकमेकांत मिसळून. चौदा नंबरच्या आजींनी भावोजींना चहा दिला आणि सरळ मनाने विचारलं, "तुम्ही बाईंचे कोण?" ते म्हणाले, काका. आजी म्हणाल्या, "अगंबाई, कधी पाहिलं नाही तुम्हाला." त्या मुद्दाम बोलल्या नव्हत्या. मी मात्र आत जाऊन पाणी प्यायले.

एवढं लिहिल्यावर थोडं सावरून घेते. माझी माणसांत रमायची, तुमची कदाचित नाही रमणार. गोंगाटाचा त्रास होत असेल तर गणपतीत ढोलाजवळ उभी करू नका. डाऊनच्या जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो (आमचं ऑपरेशन लहानपणीच झालं होतं), तेव्हा छातीचं दुखणं अंगावर काढायचं नाही. थायरॉईड दरवर्षी तपासा. मानेच्या वरच्या मणक्यांत सैलपणा असू शकतो, पोरांबरोबर कोलांट्या मारायला लागली तर आधी डॉक्टरांना विचारा. वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, दिव्यांग मुलांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचं, तिथे एकदा जाऊन या. आणि 18 पूर्ण झाली की आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडे अर्ज करावा लागतो. 12 वर्षं आहेत, पण भुर्रकन जातात.

सोसायटीच्या ग्रुपवर मात्र काही टाकू नका. सामान चढवायच्या दिवशी तिला खाली उभी करा, टेम्पोतून काय उतरतंय ते मोजायला सांगा. येणारा-जाणारा विचारेलच.

भावोजींना त्यांच्या मुलाने हल्लीच मोठ्या स्क्रीनचा फोन घेऊन दिलाय, दिवसभर काहीबाही वाचत असतात म्हणे. वाचू देत.