‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही’ म्हणजे आपल्या मनाला पटेल तेच खरे, असे तुकाराम महाराजांना म्हणायचे आहे का? मग पाठांतर, अभ्यास, गुरू कशाला?

नाही. ही ओळ एकटी उचलून दुसऱ्याच्या अंगावर फेकणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून लिहितोय.

आमचे आण्णा टाळकरी. शिक्षण चौथी. गावच्या भजनात चाळीस वर्षं मागच्या रांगेत उभे राहिले. बुवांनी चरण सोडला की ध्रुपद, म्हणजे पालुपद, उचलायचं, एवढंच त्यांचं काम. मी घरातला पहिला एम.ए. 1994 साली सप्ताहात व्याख्यानासाठी आमच्या विभागातल्या एका सरांना मीच गावी घेऊन आलो. बोलले छान. शेवटी आण्णांनी उठून हात जोडले आणि विचारलं, “सर, पाठ हाय समदं, पर काही जागी अर्थ लागत न्हाई. तिथं काय करावं?”

सर हसले. “आजोबा, पाठ पोपटालाही होतं. तुकोबांनीच सांगितलंय, सत्य असत्याशी मन केले ग्वाही. आपल्या मनाला विचारा, टाळ कुटून काय मिळणार?” मंडपात हशा पिकला. मी सरांच्या शेजारीच बसलो होतो. पीएचडीला त्यांच्याकडे नाव नोंदवायचं होतं. मी गप्प राहिलो.

रात्री आण्णांनी टाळ पुसून फडक्यात बांधले आणि एवढंच विचारलं, “सरांनी त्याच्या आदली कडवी का म्हटली न्हाईत रं?”

तुम्हीही तीच आधी वाचा. ‘याति शूद्र वैश केला वेवसाव’ हा तो अभंग. आईबाप गेले, 1630च्या सुमाराच्या दुष्काळात पैसा आणि मान दोन्ही गेले, एक बायको अन्न अन्न करीत मेली, धंद्यात तूट आली. मग मोडकं देऊळ हाती घेतलं, एकादशीला कीर्तन सुरू केलं. तिथे ते स्वच्छ कबूल करतात, ‘नव्हते अभ्यासी चित्त आधी’. पुढे काय? ‘काही पाठ केली संतांची उत्तरे, विश्वासे आदरे करोनिया’. उत्तरे म्हणजे वचनं. पाठांतरच की हे! आणि लगेच, ‘गाती पुढे त्यांचे धरावे धृपद, भावे चित्त शुद्ध करोनिया’.

म्हणजे तुकोबा स्वतः मागच्या रांगेत उभे होते. आण्णांच्या जागेवर.

त्यानंतर आणखी तीन कडवी जातात आणि मग मन ग्वाही होतं. त्याच कडव्याचा दुसरा अर्धा आहे, ‘मानियेले नाही बहुमता’. ग्वाही म्हणजे साक्षीदार. निवाडा देणारा वेगळा. साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं आणि त्याला खोटं बोलायची मुभा नसते. एवढं सोसलेलं, ध्रुपद धरून धरून घासलेलं मन साक्षीला उभं केलंय. तुमचं-माझं सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं म्हणणारं मन त्या जागी कसं चालेल? गुरूचं विचाराल, तर तो अगदी पुढच्याच कडव्यात आहे, ‘मानियेला स्वप्नी गुरूचा उपदेश’.

मौनाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मला त्याचंच जास्त लागलंय. अभंगाच्या सुरुवातीलाच ते म्हणतात, ‘नये बोलो परि पाळिले वचन’. बोलू नये, पण संतांनी विचारलं म्हणून सांगतो. आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा घाव एका कडव्यात उरकतात, ‘निषेधाचा काही पडिला आघात, तेणे मध्ये चित्त दुखविले’. आघात कोणी केला? नाव नाही. परंपरा अभंगांच्या वह्या बुडवायला लावणाऱ्या रामेश्वर भट्टांचं नाव घेते, इथे तुकोबा घेत नाहीत. ‘आरती तुकारामा’ आपण म्हणतो ना, तिच्या शेवटी पायांवर डोकं ठेवणारा रामेश्वर तो हाच.

माझं मंडपातलं मौन त्या जातीचं नव्हतं. ती कडवी मला परीक्षेला होती. मन साक्षीला तयार होतं, हशा हेच बहुमत होतं, आणि मी बहुमत मानलं.

पीएचडी त्यांच्याकडेच केली. ते अजूनही म्हणतात की पाठांतराने आपल्या लोकांची डोकी बंद केली. माझं म्हणणं असं की ज्याला शंभर अभंग पाठ आहेत, त्याच्याकडे अर्थ उद्या का होईना येऊ शकतो. ज्याला एकच ओळ पाठ आहे, त्याला तिचा उपयोग फक्त दुसऱ्याचं तोंड बंद करायला होतो. वह्या इंद्रायणीत बुडाल्या तेव्हा त्या नदीने राखल्या की लोकांच्या तोंडांनी, यावर हवा तेवढा वाद घाला. माझं मत तोंडांच्या बाजूने आहे.

हेही खरं की जन्मभर टाळ वाजवून कोरडी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. तिथे ‘भावे’ हा शब्द सुटलेला असतो. आणि ‘बहुमता’चा अर्थ मतदानातलं बहुमत असा घेऊ नका, चार लोकांची मतं एवढाच घ्या.

अर्थ लागत नाही तिथे काय करावं, हे आण्णांनी पुन्हा कोणाला विचारलं नाही. घरात सरांचा विषय निघाला की ते “तुझे पाहुणे” एवढंच म्हणायचे, शेवटपर्यंत. म्हणून मीही इथे नाव लिहिलेलं नाही.