‘एखाद्या पोरीचं वर्ष वाया गेलं तर?’

“मॅडम, रात्री तीनला जाग येते. वाटतं, त्या पोरीच्या फॉर्मवर विषयाचा कोड चुकीचा तर नाही गेला न?” तालुक्याच्या गावातल्या कला महाविद्यालयात कनिष्ठ लिपिक असलेल्या ताईंनी समुपदेशनात मला विचारलेला हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती, टीसी, बोनाफाईड, आवक-जावक, सारं एकाच टेबलावर. पालक सोयाबीन सवंगणीची मजुरी बुडवून आलेले. त्यामुळे ताई एकच अर्ज चार-पाचदा उघडून पाहत.

हा भित्रेपणा नव्हे, पोरांविषयीची कळकळच आहे. पण ती सगळ्या कागदांवर सारखी पसरली होती. म्हणून आधी चुकांची वाटणी केली. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर लिपिकानंतर प्राचार्यांच्या लॉगिनमध्येही अर्ज तपासला जातो आणि त्रुटी दिसली तर तो विद्यार्थ्याकडे परत पाठवता येतो. खातं आधारशी जोडलेलं नसल्याने पैसे अडले, तर ते काम बँकेचं. त्याचा भार ताईंनी वाहायचा नाही. परीक्षा अर्जाचं तसं नाही. अनिवार्य मराठीऐवजी मराठी वाङ्मयाचा कोड पडला आणि मुदत निघून गेली, की दुरुस्तीसाठी विद्यापीठात खेटे घालावे लागतात. खरी नजर इथे हवी.

या अर्जात चारच गोष्टी पाहायच्या ठरल्या: बारावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे नाव, सेमिस्टर, विषयांचे कोड, माध्यम. प्रिंट काढायची, विद्यार्थिनीने ती मोठ्याने वाचून सही करायची, ताईंनी तारखेसह खूण करायची. त्यानंतर अर्ज पुन्हा उघडायचा नाही. सुरुवातीला जीव कासावीस होतो, पण उघडला नाही तर ती बेचैनी आपोआप उतरते. वारंवार तपासल्याने उलट स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा कमी होत जातो, आणि पुन्हा पाहावंसं वाटतं.

चुकांचं दुसरं मूळ ताईंच्या मनात नव्हतं, कार्यालयात होतं. नोंद अर्धी असतानाच कोणी प्राध्यापक येणार, “एवढं पाहून घ्या न ताई.” परतल्यावर बोट भलत्याच ओळीवर. प्राचार्यांशी काय बोलायचं ते आम्ही शब्दशः ठरवलं: “सर, पालक सकाळच्या एसटीने येतात, म्हणून खिडकी दोनपर्यंत उघडी ठेवते. तीननंतर फक्त नोंदी करते. प्राध्यापकांची कामं चिठ्ठीवर घेते.” तक्रारीचा सूर नको, चुका टाळण्याचा हवा, तो प्राचार्यांनाही पटतो. कागद कमी असलेल्या पालकांना राहिलेल्या सगळ्या कागदांची यादी एकदाच लिहून द्यायची, म्हणजे दुसरी मजुरी बुडत नाही.

एवढं करूनही दोन आठवडे झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल किंवा कार्यालयाच्या पायरीवरच छातीत धडधडत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्री तीनलाही लागतो आणि मराठीत बोलता येतं.