अमेरिकेत मतदानाची टक्केवारी नेमकी कशाच्या प्रमाणात काढतात?

मतदानास पात्र लोकसंख्येच्या प्रमाणात काढलेली टक्केवारी धरा. 2020 मध्ये ती साधारण 66 होती. सगळे प्रौढ धरले तर तीच 62च्या आसपास येते, कारण त्यांत ग्रीनकार्डवाले, एच-1बीवर गेलेले आपले लोक असे नागरिक नसलेलेही मोजले जातात. आपल्यासारखा मतदारयादीचा आधार तिथे फसवा ठरतो: नाव नोंदवणं बऱ्याच राज्यांत ज्याचं त्याने करायचं, आणि नॉर्थ डकोटात तर नोंदणीच नाही. मायकेल मॅकडोनाल्ड आणि सॅम्युअल पॉपकिन या राज्यशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये दाखवलं, की 1972नंतरची मतदानातली ‘घसरण’ मुख्यतः सगळे प्रौढ धरणाऱ्या चुकीच्या भाजकाची होती. मात्र पात्र लोकसंख्या हाही अंदाजच: नागरिकत्वाचा आकडा पाहणीतून येतो, कैद्यांचे नियम राज्यागणिक बदलतात. मेन आणि व्हरमाँटमध्ये तुरुंगातूनही मत देता येतं.