मैद्याऐवजी तांदळाचं पीठ घालून केलेला केक मधोमध का बसतो आणि रवाळ का लागतो?

एक कप मैद्याच्या जागी एक कप तांदळाचं पीठ घेतलंत, तिथेच गणित फिसकटलं. कपभर मैदा साधारण १२५ ग्रॅम भरतो, तांदळाचं पीठ १५५-१६० ग्रॅम. मग मिश्रण घट्ट झालं आणि तुम्ही दूध वाढवलंत. मैद्यात ग्लुटेनची (गव्हातल्या चिकट प्रथिनाची) जाळी फुगलेला केक धरून ठेवते. इथे ती नाही, त्यामुळे जास्तीच्या ओलाव्याने मधला भाग शिजायच्या आतच खाली येतो. ग्लुटेनविरहित बेकिंग कपाने मोजून करूच नये, वजनकाटा घ्याच.

नुसतं तांदळाचं पीठही पुरत नाही. १८ सेंमीच्या गोल टिनसाठी मी हे प्रमाण धरतो: अगदी बारीक तांदळाचं पीठ १२० ग्रॅम, बटाट्याचा स्टार्च ५० (बटाट्याचं पीठ नव्हे, ते पाणी शोषून केक जड करतं), टॅपिओका स्टार्च (कसावा कंदाचा) ३०, झँथन गम (मिश्रण बांधून धरणारी पूड) अर्धा चहाचा चमचा, बेकिंग पावडर दोन चहाचे चमचे, चिमूटभर मीठ. लोणी १२०, साखर १५०, अंडी ३, दूध १२० मिली. झँथन गम ‘असू दे थोडा जास्त’ म्हणून वाढवू नका, केक रबरासारखा होतो. तो नको असेल तर इसबगोलाची पूड एक चहाचा चमचा, त्याच दुधात दहा मिनिटं भिजवून.

रवाळपणाचं कारण म्हणजे तांदळाचे कण पाणी फार सावकाश पितात. लोणी-साखर फेटून त्यात एकेक अंडं, मग पीठ आणि दूध घालून मिश्रण झाकून ३० मिनिटं ठेवा. बेकिंग पावडर मात्र कोरड्या पिठाच्या दोन चमच्यांत मिसळून बाजूला ठेवायची आणि टिनमध्ये ओतण्याआधी चाळून घालून नीट फेटायची. आधीच घातली तर तिचा बराचसा जोर वाटेतच संपतो. इथे फेटायला घाबरू नका. जास्त फेटून केक चिवट होतो तो ग्लुटेनमुळे, आणि ते इथे नाहीच. मुरलेलं मिश्रण चमच्यावरून जाड पट्टीसारखं पडलं पाहिजे. गोळ्याने पडलं तर चमचाभर दूध, धारेने वाहिलं तर तितकंच पीठ.

तळाला बटर पेपर, ओव्हन आधी तापवून १७० अंश सेल्सिअस, ३५ ते ४० मिनिटं. पहिली २५ मिनिटं दार उघडायचं नाही. हा केक आतून कच्चा असतानाच वरून तांबूस होतो, त्यामुळे रंगावर जाऊ नका. सुरी खुपसून पाहिलीत तरी स्टार्च फसवतो. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६ अंश दिसले की बाहेर काढा. टिनमध्ये दहा मिनिटं ठेवून मग जाळीवर. गरम कापलात तर भुगा होणार.

उरलेला फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे स्टार्च लवकर कडक होतो. तुकडे करून फ्रीझरमध्ये ठेवा.

सीलिअॅक (ग्लुटेन न चालणारा आजार) असलेल्यांसाठी करत असाल तर बेकिंग पावडरचं लेबल वाचा, काहींत गव्हाचा स्टार्च असतो. आणि मैद्याची चाळणी यासाठी अजिबात वापरू नका: जाळीच्या कडेला अडकलेलं पीठ धुऊनही पूर्ण निघत नाही.